मुलीला दुर्बीण घ्यावी का? आणि गोव्यात तारे बघायला जायचं तरी कुठे?

पर्वरीकर_बाबा

नमस्कार मंडळी. थेट विचारतो.

मुलगी सहावीत आहे. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. १५ जुलैला त्यांची कुपी पॅसिफिकमध्ये उतरेपर्यंत जेवतानाही मोबाईल समोर होता. आता वाढदिवसाला दुर्बीण हवीय. माझं बजेट १५ ते २० हजार. ऑनलाइन ७० मिमीची एक दिसते, खोक्यावर ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं छापलंय. घेऊ का?

दुसरा प्रश्न जागेचा. १३ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव आहे आणि तो शनिवार आहे. आमच्या गच्चीवरून एका बाजूला हायवेचे दिवे, दुसऱ्या बाजूला मांडवीतल्या कॅसिनोंचा उजेड. तारे बोटांवर मोजावे इतकेच. कुठे न्यावं?

आणि एक खटकतं ते सांगतो. चंद्रयान-३ दक्षिणेला ६९ अंशांवर उतरलं हे आमच्या कन्येला तोंडपाठ. ध्रुवतारा कुठे, विचारलं तर मोबाईल काढते. माझ्या मते अंतराळाच्या बातम्या जितक्या वाढल्या तितकं आकाश बघणं कमी झालं. पटतं का बघा.

अगस्ती

५२५ पट लिहिलेलं खोकं दिसलं की नमस्कार करून पुढे जायचं.

हिशेब सोपा आहे. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. जास्तीत जास्त तेवढंच वर्धन कामाचं. ७० मिमीला १४०, तेही हवा शांत असेल तर. त्यापुढे फक्त धूसर डाग मोठा होत जातो. दुर्बिणीचं खरं काम प्रकाश गोळा करणं, म्हणून व्यास बघायचा, पट नाही. त्यात या स्वस्त दुर्बिणींची तिपाई इतकी डगमगते की फोकसला हात लावला की चंद्र नाचायला लागतो आणि थांबेपर्यंत दृश्यातून निघून जातो.

माझा सल्ला: आधी १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर (१० पट वर्धन, ५० मिमीची भिंगं). पाच-सात हजारांत बरी मिळते. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका आणि कठड्यावर कोपरं टेकवलीत तर गुरूचे चार चंद्रही दिसतात. वर्षभर पोरगी ती घेऊन गच्चीवर गेली तर मग १३० किंवा १५० मिमी आरशाची डॉब्सोनियन (तिपाईऐवजी साध्या बैठकीवर फिरणारी दुर्बीण) घ्या, बजेट थोडं ताणून. नाही गेली तर द्विनेत्री पक्षी बघायला कामी येते.

पण पैसे खर्च करायच्या आधी तिला फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीच्या आकाशदर्शनाला न्या. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर त्यांनी वेधशाळा उभी केली, कितीतरी गोंयकारांनी शनी पहिल्यांदा तिथेच पाहिला. त्यांचे कार्यक्रम कुठे होतात ते विचारून घ्या. मोठ्या दुर्बिणीतून एकदा बघितलं की आपल्याला काय हवं ते कळतं.

रांदपी

शुक्ला यांनी तिथे मूग आणि मेथी मोडवली, बियाणं धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं. म्हणजे गुरुत्वाशिवाय मुगागाठी (मोडाच्या मुगांची आमटी) होऊ शकते, नारळ तेवढा पोचायचा बाकी आहे.

निशाचर_फोंडा

@रांदपी, किसायला अडोळीवर बसणार कसा? उडून जाईल ना माणूस :)

डिचोलीचा_राजू

शेजाऱ्यांनी चवथीच्या सुमारास टेलिस्कोप आणला. परवा बोलावलं शनी बघायला. मी डोळा लावला, तर कडं गायब! नुसता वाटोळा ठिपका आणि मधून सुईसारखी रेघ. शेजारी दुकानदाराला शिव्या घालतायत, परत करणार म्हणतायत. दुर्बीण खराब आहे का?

अगस्ती

@राजू, थांबवा त्यांना! दुर्बीण उत्तम आहे. सुईसारखी रेघ दिसली म्हणजे चांगलीच आहे म्हणायची.

शनी सूर्याभोवती एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांत मारतो, आणि त्या फेरीत दोनदा त्याची कडी आपल्याला काठावरून दिसतात. यंदा २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली. तेव्हा शनी सूर्याच्या अगदी जवळ होता म्हणून कोणाला फारसं दिसलं नाही. आता नोव्हेंबरअखेर कडी पुन्हा जवळपास तशीच आलीत. कडी लाखो किलोमीटर पसरलेली, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. काठावरून दिसणार काय? पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडायला लागतील. शेजाऱ्यांना सांगा, असा शनी आता पंधराएक वर्षांनीच.

बाय द वे, याच मार्चमध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली. एकूण २७४. आमच्या वेळी शाळेत किती होते ते आठवून बघा.

डिचोलीचा_राजू

सांगितलं. ते म्हणतात २७४ पैकी एकतरी दाखव.

अगस्ती

टायटन दाखवा. कड्याच्या रेघेच्याच दिशेत थोडा लांब, ताऱ्यासारखा बिंदू. ७० मिमीतूनही दिसतो.

शंकासुर

हे शनी-बिनी ठीक. पण ते थ्री आय ॲटलास? आमच्या ग्रुपवर रोज येतं की तो धूमकेतू नाही, परग्रहावरचं यान आहे, १९ डिसेंबरला पृथ्वीजवळ येतंय आणि नासा लपवतंय. १३ तारखेला उल्का बघायला जाल आणि १९ ला तेच उतरतील.

निशाचर_फोंडा

उतरू देत. पर्वरीच्या ट्रॅफिकात अडकतील.

घाटावरची_शुभा

@शंकासुर, नासा फारच वाईट लपवतंय मग, कारण १ जुलैला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीतून तो सापडला आणि कक्षा लगेच जाहीर झाली. जगभरचे हौशी लोक तेव्हापासून फोटो काढतायत.

विशेष काय, तर हा सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. २०१७ चा ओमुआमुआ पहिला, २०१९ चा बोरिसोव्ह दुसरा. बाहेरचा आहे हे ओळखतात वेगावरून. सूर्यापासून लांब असतानाही सेकंदाला ५८ किमीच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या ओढीने धरून ठेवता येणार नाही असा. त्याची वाट उघडी आहे, एकदा आला की गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्याला वळसा घालून आता बाहेर निघालाय. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीला त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळाला, पाण्याची वाफही आहे. बर्फाचा थेट वायू होतोय, शेपूट फुटतेय, सगळं धूमकेतूचंच वागणं. आणि १९ डिसेंबरचं ‘जवळ’ म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटर, सूर्य आपल्यापासून जितका लांब त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही.

मला यात खरी गंमत वाटते ती वेगळीच. दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याभोवती तयार झालेला बर्फाचा गोळा आपल्या अंगणातून जातोय आणि ग्रुपवर चर्चा काय, तर ड्रायव्हर कोण.

शंकासुर

ठीक आहे, ग्रुपवर टाकतो. काढून टाकतील मला.

पण दुसरी शंका आहेच. एवढा पैसा वर कशाला? १८ मेला पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा बिघडला, उपग्रह गेला. जानेवारीत शंभरावं उड्डाण म्हणून ढोल वाजवले, तो दिशादर्शक उपग्रहही हव्या त्या कक्षेत पोचला नाही. आणि आमच्या वाड्यावर मे महिन्यात नळ कोरडे.

वाळपईकर

चांद्रयान-३ चा खर्च ६१५ कोटी. तो चंद्रावर गेला नसता तर तुमच्या नळाला पाणी आलं असतं असं खरंच वाटतं का भाऊ? नळाचे पैसे वेगळे, आणि ते कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे.

रापणकार

मी अंतराळवाला नाही, आमचा ट्रॉलर आहे मालीमला. पण शंकासुरांना उत्तर द्यावंसं वाटलं.

हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मासळीच्या जागांची सूचना देते. उपग्रहातून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हिरवेपण बघतात. गार आणि गरम पाणी जिथे भेटतं तिथे शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक जीव, त्यावर तारली-बांगडा. सूचनेत किनाऱ्यावरून दिशा, अंतर आणि खोली दिलेली असते. माझ्या पप्पांना पाण्याचा रंग आणि पक्षी बघून कळायचं, अजूनही कळतं. पण डिझेलचा भाव बघता शोधत फिरणं परवडत नाही. सूचना लागू पडली तर तासन्‌तास वाचतात. दरवेळी पडतेच असं नाही. आणि ढग असले की सूचनाच येत नाही, उपग्रहाला खालचं पाणी दिसत नाही ना.

तेव्हा वर गेलेला पैसा थोडाफार आमच्या जाळ्यात उतरतो. तुमच्या माशाच्या कढीतही.

रांदपी

बांगडे यंदा मात्र महागच. उपग्रहाला सांगा.

घाटावरची_शुभा

@रापणकार, ढगांचा मुद्दा चांगला काढलात. ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह वर गेला, इस्रो आणि नासाचा एकत्र. त्यावर रडार आहे, म्हणजे ढग असोत की रात्र असो, त्याला जमीन दिसते. १२ मीटरची जाळीची तबकडी उघडलीय त्याने. १२ दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन दोनदा तपासून होते आणि जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी कळते. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे चार महिने आभाळ फाटलेलं असतं आणि नेमक्या तेव्हाच दरडी कोसळतात, तिथे याचा उपयोग होणार. मासळी मात्र तो शोधणार नाही.

शंकासुरांनी अपयशं मोजली ती खरी आहेत, लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षात १६ जानेवारीला स्पेडेक्सचे दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले गेले, असं करणारा भारत चौथा देश. आणि २ नोव्हेंबरला ४४१० किलोचा उपग्रह आपल्याच रॉकेटने गेला. दोन्ही रकाने भरा, एकच नको.

आबा_काणकोणकर

तुम्हा मुलांचं वाचतोय. पर्वरीकर म्हणतात पूर्वी लोक आकाश जास्त बघत. ते अर्धंच खरं.

१६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहण होतं, पट्टा आमच्या शेजारून, अंकोल्यावरून जाणारा. गावात दुपारपासून सगळी दारं बंद. पाण्यात दर्भ, पोरं घरात कोंडलेली. आम्ही कॉलेजची चार टाळकी पळून गेलो. तेव्हा काळी नदीवर पूल नव्हता, फेरीने सदाशिवगडाहून कारवार, पुढे मिळेल त्या गाडीने अंकोला. साडेतीन वाजून गेले होते. उजेड आधी कमी नाही झाला, विचित्र झाला. सावल्यांच्या कडा धारदार. समुद्राकडून काळोख धावत आला, अक्षरशः धावत. किनाऱ्यावर खेकडे बिळाबाहेर आले. वर काळं भोक आणि भोवती पांढरे केस पिंजारल्यासारखे. शेजारी उभा असलेला एक कोळी मोठ्याने रडायला लागला. मिनिटं दोन-अडीच असतील.

घरी आल्यावर आवयने अंगणातच थांबवून आंघोळ घातली, मग भाकरी दिली. तेव्हा पूर्वीचे लोक आकाश बघत हे जितकं खरं, तितकंच आकाशाला घाबरत हेही.

सायबीण

आबा, वाचताना काटा आला. आमच्याकडे ७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणाला सासूबाईंनी दहाच्या आत स्वयंपाकघर आवरलं आणि मग स्वतःच खुर्ची घेऊन अंगणात बसल्या. ढगांतून मधेच तांबडा चंद्र दिसला की मला हाक मारायच्या. सोवळंही झालं, बघूनही झालं.

अगस्ती

@आबा, पुढचं मोठं खग्रास २ ऑगस्ट २०२७ ला. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांच्या वर. आपल्याकडे खंडग्रास, तेही भर पावसात. लक्सरचं तिकीट काढा.

आबा_काणकोणकर

गुडघे बदलून घेतो आधी.

मयेकर_२२

दुर्बीण घेणाऱ्यांना एक गोष्ट कोणीच सांगितली नाही, बुरशी! गोव्यात दुर्बिणीचा शत्रू ढग नव्हे, दमट हवा. जूनमध्ये कपाटात ठेवलेली द्विनेत्री चतुर्थीला काढा आणि मोठ्या भिंगाकडून आत टॉर्च मारा. कडेपासून आत शिरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतील. ते काचेवरचा लेप खातात. पुसून टाकले तरी खूण राहते.

चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल, आणि कोपऱ्यात आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. पन्नासच्या खाली ठेवायचं. दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून निळे करायचे, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. किनाऱ्याजवळ राहत असाल तर तिपाईचे स्क्रू खारं वारं खातं, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. रात्री बाहेरून आणल्यावर भिंगावर दव असेल तर झाकण लावून डब्यात कोंबू नका, आधी सुकू द्या.

डिचोलीचा_राजू

शेजाऱ्यांचा टेलिस्कोप जिन्याखाली आहे. जातो.

सायबीण

दुर्बीण नको असेल तर एक फुकटातला उद्योग. अंतराळातून रोज बारीक धूळ पृथ्वीवर पडते. दोना पावलाच्या समुद्र विज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या तळाच्या गाळातून असे वाटोळे उल्काकण वेगळे काढून अभ्यासलेत. मुलांना गच्चीच्या पन्हळीतली माती गोळा करून चुंबक फिरवायला सांगा, मग सूक्ष्मदर्शकाखाली गोल कण शोधायचे.

डिचोलीचा_राजू

आमच्या डिचोलीत चुंबक फिरवलं तर अंतराळातलं काही नाही, ट्रकांतून सांडलेलं खनिजच मिळणार.

वाळपईकर

आपलं खनिज बहुतेक हेमॅटाइट, ते चुंबकाला फारसं धरत नाही. धरलं तर मॅग्नेटाइट म्हणायचं. पण वेल्डिंगच्या ठिणग्यांचे गोळे हुबेहूब उल्काकणांसारखे दिसतात, त्यांनी तज्ज्ञही फसतात.

आता मूळ प्रश्न, जागेचा. उल्कावर्षावाला दुर्बीण लागतच नाही, उघडं आकाश लागतं. मोले, नेत्रावळी, खोतीगाव अंधारे आहेत, पण अभयारण्यात रात्री शिरता येत नाही. बाहेर गावात कोणाचं घर किंवा राहायची सोय असेल तरच. सत्तरीत केरीच्या पुढे, अंजुणे धरणाच्या बाजूला आकाश चांगलं. चोर्ला वर अजून काळं, पण डिसेंबरात मध्यरात्रीनंतर धुकं उतरतं आणि घाटात परत गाडी चालवायची हौस फिटते. रस्त्याकडेला गाडी लावून झोपू नका, गवेरेडे येतात. किनाऱ्यावर जायचं तर उत्तरेला नको, डिसेंबरातला शनिवार आहे. दक्षिणेत गालजीबाग-आगोंदच्या आसपास, पण कासवांच्या जागेपासून लांब आणि टॉर्च बंद.

अगस्ती

वेळेचं सांगतो. मिथुनेतला उद्गमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, साडेसात-आठच्या सुमारास वर येतो, डोक्याजवळ येतो पहाटे दोनला. चंद्राची कोर तेव्हाच उगवेल, म्हणजे दहा ते दोन उत्तम. यंदा गुरू मिथुनेतच आहे, त्यामुळे दिशा शोधायला नको. या उल्का धूमकेतूच्या नाहीत, फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या कचऱ्याच्या. तो १९८३ मध्ये सापडला. वेग इतर बऱ्याच वर्षावांपेक्षा कमी, त्यामुळे पोरांना ‘तो बघ’ म्हणेपर्यंत दिसत राहतात. डोळे सरावायला वीस मिनिटं द्या आणि मोबाईल खिशात. साडेनऊ-दहानंतर दक्षिणेला खाली अगस्तीचा तारा येईल, दिल्लीवाल्यांना तो जेमतेम क्षितिजावर दिसतो, आपल्याला ऐटीत.

पर्वरीकरांचं मत मात्र मला पटत नाही. बातम्यांमुळे बघणं कमी झालं नाही, दिव्यांमुळे झालं. चिलीत व्हेरा रुबिन वेधशाळेने जूनमध्ये पहिली चित्रं दिली. ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि दहाएक तासांच्या निरीक्षणात २१०४ नवे लघुग्रह. त्यांनाही आता हजारो उपग्रहांच्या रेघा चित्रातून पुसाव्या लागतात. तिथे ती रड, इथे आपण देवळावर, मैदानावर, झाडांवरसुद्धा झोत सोडतो. खाली तोंड करून दिवे लावा म्हटलं तर पंचायतीत लोक हसतात.

घाटावरची_शुभा

मे महिन्यात नारळीकर सर गेले. ते मुलांना सही देत नसत, म्हणत प्रश्न पोस्टकार्डावर पाठवा, उत्तरावर सही असेल. @पर्वरीकर, मुलीला दुर्बिणीबरोबर एक वही द्या. काय दिसलं, काय कळलं नाही ते लिहू दे.

पर्वरीकर_बाबा

सगळ्यांना धन्यवाद. ठरलं ते सांगतो. ५२५ पटवाली रद्द. १०×५० मागवतोय, डबा आणि सिलिका जेलसकट. कन्येला सांगितलं तर तोंड फुगलं, ‘दोन डोळ्यांची म्हणजे टेलिस्कोप नव्हे’. काल मित्राची आणून तिला कठड्यावर कोपरं टेकवायला लावून गुरू दाखवला. तीन चंद्र दिसले. चौथा कुठे म्हणून अर्धा तास वाद. गुरूमागे असेल म्हटलं तर पुरावा मागतेय.

दिव्यांबद्दल अगस्तींचं पटलं, बातम्यांबद्दल अजून पूर्ण नाही. १३ ला केरीला जायचा विचार आहे. कोणी येतंय का?

निशाचर_फोंडा

मी येतो. गाडीत दोन जागा आहेत, फोंड्याहून.

सायबीण

आम्ही चौघं, सासूबाई धरून. चटया आणि चहा आमच्याकडे. त्यांना मान वर करून बसवत नाही, आरामखुर्ची मावेल अशी गाडी कोणाची आहे?

रापणकार

पिकअप आहे माझी. वास मात्र सहन करावा लागेल.

शंकासुर

मीही येतो. १९ ला काय होतं ते बघूच, पण १३ ला मोकळा आहे.

वाळपईकर

केरीच्या तिठ्यावर साडेआठला भेटूया. पुढे मोबाईलची रेंज जाते, त्याआधी घरी फोन करून घ्या. आणि दारू आणणाऱ्याने येऊ नये, मागच्या वर्षीचं पुरे झालं.